वानवळ्याचे दोनशे सत्तर किलो

वजनकाट्यावर आकडा आला दोन हजार आठशे नव्वद. मी सागरकडं हात पुढं केला आणि गाडीची चावी मागितली.

"का ओ मॅडम?"

"गाडी इथून पुढं जाणार नाही."

सागर म्हणजे सांगवीच्या विलासरावांचा मुलगा. डबल केबिन पिकअप त्यांची. मागं जोडलेला ट्रेलर आमचा, म्हणजे बारामतीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी डिझाइनचं काम करते तिथं बनलेला. ट्रेलरच्या आत एक छोटं घर. पलंग, ओटा, बेसिन, पाण्याची टाकी. शेजारच्या सीटवर विलासराव आणि मागच्या सीटवर सागरची आई, मंगलकाकू. आमच्यामागं उसाच्या चार ट्रॉल्या थांबलेल्या, आणि काटेवाला खिडकीतून ओरडत होता, "ताई, घर तोलायचं झालं असलं तर हलवा. ऊस वाळतोय."

हे घर कशासाठी, ते आधी सांगते. मंगलकाकूंच्या दोन्ही किडन्या गेल्यात. त्या पोटातून होणारं डायलिसिस करतात. दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, आधीचं पाणी बाहेर काढायचं. घरीच करता येतं. पण खोली बंद आणि स्वच्छ हवी, हात धुवायला चांगलं पाणी हवं. जरा हयगय झाली की पोटात इन्फेक्शन. म्हणून तीन वर्षांत काकू एक रात्र घराबाहेर राहिल्या नव्हत्या. मुलगी गुहागरकडं दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरीच करावं लागलं. नात चार महिन्यांची झाली होती आणि आजीनं ती फक्त मोबाइलवर पाहिली होती.

विलासराव आमच्याकडं आले ते वहीच्या पानावर खोलीचं चित्र काढूनच. "हिची खोलीच बरोबर न्यायची," म्हणाले. "बसवा चाकांवर."

आमचे वर्कशॉपचे मालक कदमसाहेब खूश. फिफ्थ व्हील पद्धतीचा ट्रेलर त्यांना कधीपासून बनवायचा होता. साधी ट्रॉली गाडीच्या मागच्या हुकाला अडकवतात. फिफ्थ व्हीलमध्ये पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर, एक जाड प्लेट बसवतात आणि ट्रेलरचं नाक त्या प्लेटवर टेकतं. घाटात असा ट्रेलर कमी हेलकावतो. पण ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा थेट पिकअपच्या पाठीवर बसतो. त्याला आम्ही पिन वेट म्हणतो. म्हणून इथं दोन हिशेब लागतात. गाडी किती ओढते हा एक आणि गाडी पाठीवर किती पेलते हा दुसरा. पहिला सगळे विचारतात. दुसरा कुणीच विचारत नाही.

विलासरावांनीही पहिलाच विचारला होता. "आमचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या वढतोय. पिकअपला एक डबा जड व्हतोय व्हय?"

मी जरा तडकलेच. ऊस हंगामात मी आणि माझे मित्र रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटतो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, मर्यादेबाहेर भरू नका. पत्रक घडी करून कानामागं खोचणारे लोक मी पाहिलेत. आपल्याकडं ट्रॉली किती भरायची हे वजनावर ठरत नाही, उसाच्या उंचीवर ठरतं, आणि ट्रॉली उलटली की त्याला अपघात म्हणतात. मी म्हणते, तो आधीच ठरलेला असतो.

"ट्रॅक्टर सावकाश जातो, काका. आणि तो घाट उतरत नाही. तुम्ही उतरणार आहात, आणि गाडीत काकू आहेत."

त्यांनी वहीचं पान उलटं केलं, पेन काढलं. मग म्हणाले, "सांगा किती किलो ते."

मी सांगितलं. ट्रेलर भरून अठराशेच्या आत. पिकअप, माणसं आणि पिन वेट मिळून अठ्ठावीसशे पन्नासच्या आत. ट्रेलर रिकामाच तेराशे दहा भरला. उरले चारशे नव्वद. त्यात पाणी दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो. बारा दिवसांच्या डायलिसिसच्या पिशव्या खोक्यांसकट एकशे दहा. सिलिंडर, भांडी, अंथरुणं, कपडे मिळून एकशे चाळीस. बेरीज सतराशे साठ. लोखंडी पलंग काढून प्लायचा केला, तेव्हा कुठं ती तिथं आली.

निघायच्या आठ दिवस आधी सगळं भरून याच काट्यावर तोललं. आधी नुसती पिकअप माणसांसकट, दोन हजार तीनशे तीस. मग ट्रेलर जोडला, पण त्याची चाकं काट्याच्या बाहेर ठेवली. दोन हजार सहाशे नव्वद. फरक तीनशे साठचा. तेच पिन वेट. शेवटी दोन्ही एकदम काट्यावर. सगळं मर्यादेत. अजून चाळीस किलो शिल्लक. मी तक्ता छापून सागरला दिला आणि निघायच्या दिवशी परत काट्यावर यायला सांगितलं.

"आता परत कशाला? फुगतोय काय ट्येलर?" विलासराव हसले होते.

फुगला होता. त्याच मापानं पिकअप आता दोनशे किलोनं जड भरत होती. ट्रेलर स्वतः दोन हजार तीस. लांबूनही दिसत होतं. पिकअपची मागची बाजू बसली होती आणि तोंड वर झालं होतं. तोंड वर म्हणजे पुढच्या चाकांवर भार कमी. स्टिअरिंग हलकं, ब्रेक कच्चे. आणि पुढं घाट.

मी ट्रेलरच्या नाकातला, पलंगाखालचा कप्पा उघडला. ज्वारीचं पोतं. गव्हाचं पोतं. कांद्याची गोणी. डाळिंबाची चार क्रेट. गुळाच्या तीन ढेपा. आणि एका पिशवीतून असा वास आला की मी मागंच सरकले.

"हे काय आहे?"

"वानवळा," सागर म्हणाला. सोयऱ्याधायऱ्यांना मायेनं पाठवायचा घरचा शेतमाल. "चुलत्यांनी दिला, शेजाऱ्यांनी दिला. लेकीच्या घरी चाललाय म्हणल्यावर न्हाय कसं म्हणायचं?"

"आणि हा वास?"

मागच्या जीपमधून एक गृहस्थ पुढं आले. मंगलकाकूंचे भाऊ, पळसदेवचे दत्तामामा. बहिणीला काट्यापर्यंत पोचवायला आले होते. "उजनीचं सुकं मासं हायती. धा किलो."

"मामा, कोकणात मासे पाठवताय?"

"तितलं खाऱ्या पाण्याचं. भाचीला गोड्या पाण्याची सवय हाय."

काटेवाला मोठ्यानं हसला. मी नाही हसले. "हे सगळं उतरवा."

विलासराव खाली उतरले. "मॅडम, मानानं दिल्यालं माघारी धाडायचं? सगळी तोंडावर बोलतील. त्यापरीस टाकी मोकळी करा. दोनशे किलो तितंच गेलं."

हा माणूस हिशेबात कच्चा नव्हता. पण टाकी ट्रेलरच्या चाकांच्या वर आहे. ती सोडून ट्रेलर हलका झाला असता, पिकअपची पाठ नाही. भार नाकात होता. शिवाय दुपारची पिशवी वाटेतच बदलायची होती. हात कशानं धुणार?

"मग चार खोकी कमी करू," ते हळूच म्हणाले. "तिकडं मिळत असतील की पिशव्या."

"असतील?" माझा आवाज चढला. "काका, काकूंचे दिवस कमी करून ज्वारी नेणार?"

बोलले आणि जीभ चावली. विलासरावांनी मान खाली घातली. तीन वर्षं त्या बाईचं सगळं करणारा माणूस तो. लोकांसमोर असं बोलायला नको होतं.

तेवढ्यात पिकअपचं मागचं दार उघडलं. मंगलकाकू उतरल्या. हातात छोटा ताणकाटा, हुक असलेला.

"हे काय ते माहीत हाय का, पोरी?" मला म्हणाल्या. "पोटातनं निघाल्याली पिशवी मी रोज ह्याच्यावर तोलते. दोन लिटर आत गेलं तर तेवढं तरी बाहेर आलं पायजे. आत राहिलं की पाय सुजत्यात, दम लागतोय." मग नवऱ्याकडं वळल्या. "मला जास्त झाल्यालं कळतंय. गाडीला कळत नसंल व्हय? उतरवा."

"अगं पण लोकं..."

"लोकांस्नी मी बघते. हा काटा नवाकोरा हाय, प्रवासासाठी आणल्याला. आधी वानवळ्याला वापरू." माझ्याकडं बघून, "किती शिल्लक म्हणालीस?"

"चाळीस."

"देणारी सहा घरं. एकेकाचं चार किलो घेते. सगळ्यांचं पोचलं म्हणून सांगता येतंय."

काट्याशेजारच्या लिंबाखाली काकू खुर्चीवर बसल्या. सागर पिशव्या भरत होता, त्या हुकाला अडकवून बघत होत्या. ज्वारी चार. गहू चार. गुळाची ढेप मामांनी दगडानं फोडली. मासे तोलताना मामा म्हणाले, "आक्के, माझं तरी सहा कर. सख्खा भाऊ हाय."

"चारच. वासाचं वजन येगळं हाय तुझ्या."

बाकीचं मामांच्या जीपमध्ये गेलं. ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं कबूल करून. ट्रॉल्यांचे ड्रायव्हर तोवर खाली उतरून बघत उभे होते. कुणी हॉर्न वाजवला नाही. मी पुन्हा तोललं. ट्रेलर सतराशे चौऱ्याऐंशी. पिकअपची पाठ मर्यादेत, तोंड जागेवर. चावी सागरला दिली. चाळीसच्या वेगानं घाट उतरायचा, चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, हे तिसऱ्यांदा सांगितलं. विलासराव निघताना एवढंच म्हणाले, "बोललीस ते बरोबर बोललीस." ते मला जास्तच लागलं.

कारण चूक त्यांची नव्हतीच. मी इथलीच, जळोचीची. आमच्या घरून पुण्याला जाणारी एकही गाडी मी मोकळी गेलेली पाहिली नाही. तरी माझ्या तक्त्यात सिलिंडरला रकाना होता, उशांना होता, वानवळ्याला नव्हता. लोकांना पत्रकं वाटणारी मी, आणि वजन येतं कुठून ते मलाच दिसलं नव्हतं.

संध्याकाळी सागरचा फोटो आला. ट्रेलर नारळीखाली उभा, दारात काकू, तोंडाला मास्क, मांडीवर नात. नात आजीच्या मास्कची दोरी ओढत होती.

दहा दिवसांनी विलासरावांचा फोन. "मॅडम, व्याही तांदूळ देतायत, कोकम देतायत, नारळ तर विचारूच नका. किती किलो बसंल?"

पिशव्यांची खोकी जवळपास संपलेली. जुने चाळीस होतेच. मी हिशेब केला. "सगळं मिळून शंभर. नारळ सोलून आणा. आणि नाकात ठेवू नका, चाकांवर ठेवा."

"आणि काट्यावर यायचं?"

"यायचं."

दुसऱ्या दिवशी मी तक्त्यात वानवळ्याचे दोन रकाने घातले. कदमसाहेबांनी विचारलं, एक पुरे होता, दोन कशाला? जाताना एक, म्हटलं, आणि येताना एक.