गाईडात नसलेली उत्तरं

क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली होती, तेव्हा कमलच्या भावाचा फोन आला. "ताई गेली, मॅडम. सकाळी चहा पिता पिता…" पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. कमल साळवे आमच्या शाळेत चोवीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. मी इतिहास शिकवते. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. या गोष्टीला आता दीड महिना झाला. रडून झालंय. राहिलाय तो राग, आणि तो लिहिल्याशिवाय निघेल असं वाटत नाही.

शाळेत शोकसभा झाली. नववीतल्या एका मुलीनं 'माझी आवडती शिक्षिका' हा इंग्रजी निबंध वाचला. बाई उंच आहेत, गोऱ्या आहेत, नेहमी हसतमुख असतात… कमल बुटकी होती, सावळी होती आणि वर्गात क्वचितच हसायची. निबंध शब्दन् शब्द गाईडातला होता. मुलीचा काय दोष? मुख्याध्यापकांनीच तिला तो पाठ करायला दिला होता. जी बाई जन्मभर या घोकंपट्टीशी भांडली, तिला निरोपही घोकंपट्टीतूनच दिला, आणि कुणाला लाजसुद्धा वाटली नाही.

हे भांडण ती सोयगावहून घेऊन आली होती. पोरांनी शिकलंच पाहिजे, असं बजावणारं तिचं बौद्ध घर, वडील गवंडी. सातवीत असताना 'माझे वडील' या इंग्रजी निबंधाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. वडिलांनी हौसेनं तो वाचून घेतला, मग मराठीत सांगायला लावला. माझे वडील डॉक्टर आहेत, ते रोज मोटारीनं दवाखान्यात जातात… वडील थापी धूत होते. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "लई चांगलं लिव्हलंस. पन ह्यात मी कुठं हाय?" हे कमलनं मला कितीदा तरी सांगितलं होतं.

म्हणून तिच्या तासाला गाईड वर्गाबाहेर. धड्याखालचे प्रश्न, पत्र, निबंध, सगळं मुलांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचं. व्याकरण ती नंतर शेजारी बसवून सुधारून घ्यायची. खोटं मात्र खपवून घ्यायची नाही. एका मुलानं एकदा लिहिलं होतं की ही कविता मला आवडली नाही, कारण पिंजऱ्यातला पक्षी सोडला, पण पुढं तो कुठं गेला ते सांगितलंच नाही. त्याला तिनं पूर्ण गुण दिले आणि ते उत्तर स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

तीन वर्षांपूर्वी दहावीच्या सराव परीक्षेत मैत्रिणीला पत्र लिहायचं होतं, दिवाळीची सुट्टी कशी घालवली त्याबद्दल. सिल्लोडकडची शबाना इथं मावशीकडं राहून शिकायची. तिनं लिहिलं, गावी जाऊन मी कापूस वेचला, बोटं इतकी दुखत होती की पेन धरवेना, म्हणून पत्राला उशीर झाला. कमलनं पाचपैकी चार गुण दिले. मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवून घेतला, चार खोडले आणि एक केला. नमुना उत्तरात थंड हवेचं ठिकाण होतं. बदललेल्या गुणांवर कमल सही करेना. ती शांतपणे म्हणाली, "सर, नमुन्यातली मुलगी फिरायला गेली. शबाना नाही गेली. मग तिनं काय लिहायचं?"

सरांनी पालकसभा बोलावली. निकाल घसरेल, अशी तक्रार करणारे पालक आधीच गोळा करून ठेवले होते. शेवटी शिक्षकांकडं वळून त्यांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? मी समोरच्या फाइलकडं बघत बसले. माझ्याकडं कारणं होती, भीतीची होती. ती इथं मांडून मी सुटणार नाही. कमलकडून दहावी काढून घेतली, पाचवी दिली. बाहेर पडताना ती म्हणाली, "तू बोलली असतीस तर बरं वाटलं असतं गं." पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवली… ते जास्त लागलं.

शबाना आता नर्सिंग करतेय. शोकसभेला आली होती, मागं उभी होती. तिला दोन शब्द बोलायचे होते. वेळ नाही म्हणून सांगितलं. निबंधाला मात्र वेळ होता. जाताना तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, तो निबंध आपल्या साळवे मॅडमवर होता?"

मागच्या आठवड्यात कमलचं कपाट रिकामं केलं. पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा निघाला, अर्धा तपासलेला. नुसत्या बरोबरच्या खुणा मारून वाटून टाका, असं सरांनी सांगितलं. मधल्या सुट्टीत मी वह्या उघडल्या. तपासलेल्या एकाही वहीत 'छान' नव्हतं, 'सुधारणा हवी' नव्हतं. प्रत्येक उत्तराखाली तिच्या तिरप्या अक्षरात एक प्रश्न होता, आणि त्याखाली मुलाच्या उत्तरासाठी सोडलेल्या चार ओळी.

पुढची वही तिनं पाहिलेली नव्हती. विषय होता, माझा पाळीव प्राणी. पोरानं दोनच वाक्यं लिहिली होती. 'माय डॉग इज नॉट माइन. ही कम.' मी इतिहासाची बाई, माझं इंग्रजी बेताचंच. तरी लाल पेन उघडलं आणि खाली मराठीतच लिहिलं, 'कुठून येतो?' मग चार ओळी मोकळ्या सोडल्या.