पहिला चीक

म्हशापासून कोसभरावरच्या आमच्या गावात सकुबाईच्या हाताशिवाय पोर जन्माला येत नसे. सुईण म्हणून तिच्या हाताला यश होतं, ते मी नाकारत नाही. पण तिचा एक नियम होता. बाळंतिणीचा पहिला चीक पोराला बाधतो म्हणून तीन दिवस तो पिळून टाकायचा आणि पोराला गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा चोखायला द्यायचा. चौथ्या दिवशी पोर पदराखाली घ्यायचं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने हेच करायला लावलं. त्यातलं एक पोर आज धडधाकट आहे, दुसऱ्याची पाचवीही झाली नाही. मी मुकाट्याने नशिबाला बोल लावला.

एकेचाळीस सालच्या पौषात तिची स्वतःची सून जया बाळंत झाली. जयाचंही पहिलं पोर चार दिवसांत गेलं होतं. आता मुलगी झाली. मी शेजारीण, सोबतीला जाऊन बसायची. दोन दिवस पोरगी रडली, तिसऱ्या दिवशी सकाळी रडायची थांबली. बोळा तोंडात दिला की ओठांतून गळून पडे. आदल्या संध्याकाळपासून दुपटं कोरडं होतं.

"आत्याबाय, माझी छाती दगडासारखी झालीय. घेऊ काय तिला?" जयाने विचारलं.

"उद्याच्याला घे," सकुबाई म्हणाली. पण तिची बोटं पोरीच्या टाळूवर होती आणि टाळू खोल गेली होती. असली टाळू तिने आधीही पाहिलेली, मीही पाहिलेली.

त्याच पहाटे त्यांची गाय व्याली होती. सकुबाईचा मुलगा कुंडलिक तांब्या घेऊन गोठ्यात बसला होता. म्हशाच्या जत्रेला पाहुणे येणार, खरवस करायचा होता. वासरू गवतावर आडवं पडलेलं. सकुबाई पाणी आणायला बाहेर गेली, तिने ते पाहिलं आणि तांब्या त्याच्या हातातून ओढून घेतला.

"आदी वासराला पाज रे. पयला चीक पोटात गेला नाय तर उभं तरी ऱ्हाईल काय ते?"

बोलली आणि तिथेच थांबली. दारातून मला तिचा चेहरा दिसत होता. जन्मभर गुरांत वावरलेली बाई, वासराचं तिला कुणी शिकवायला नको होतं. ती तांब्या खाली ठेवून घरात आली.

"घे पोरीला," ती म्हणाली.

"आज तिसराच दिस हाय," जया घाबरली.

"घे म्हणते ना गो."

पण पोरीच्या अंगात ओढायचीही ताकद उरली नव्हती. मग सकुबाईने चीक बोंडल्याच्या चोचदार वाटीत पिळायला लावला. दाट, पिवळा. मी डोकं धरलं, तिने थेंब थेंब सोडला. पहिले थेंब ओठाच्या कडेने बाहेर आले. जया तोंडात पदर कोंबून बसली होती. कितीतरी वेळाने गळा हलला.

दुपारभर हेच चाललं. सकुबाई घडीघडी दुपट्याखाली हात घाली, कोरडा काढी आणि माझ्याकडे बघायचं टाळी. ऊन कलताना तिचा हात ओला निघाला. तिने तो पुसला नाही, तसाच धरून बसली. दिवेलागणीच्या आधी पोरगी स्वतः ओढू लागली.

त्या वर्षी सकुबाई जत्रेला गेली नाही. कांडण, पाणी, शेण सगळं तिने अंगावर घेतलं आणि सुनेला नाचणीची आंबील भरवून, "तू खा, नीज आन् पाज," एवढंच सांगत राहिली.

आठवड्याने, जयानेच मला मागाहून सांगितलं, तिने पोरीला पाजता पाजता विचारलं, "आत्याबाय, पयल्यालाबी पाजलं असतं तर?"

सकुबाई तशीच उठली ती थेट माझ्या दारात आली.

"तुझ्या पोराचं मला आता समजलं गो," ती म्हणाली.

मला फार राग आला. मी तिला बस म्हटलं नाही, रडतेस का असंही विचारलं नाही. ती उभी होती तेवढा वेळ मी तांदूळ निवडत राहिले.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले आणि कळा सुरू झाल्यावर मी तिलाच बोलावलं. नाळ कापल्याबरोबर तिने पोर माझ्या छातीशी दिलं आणि ते चोखायला लागेपर्यंत माझा हात सोडला नाही.