फाटकासमोर झेंडा लावणारे मिस्त्री

मिस्त्रींनी कुणाला "तुमचं बराबर हाय" म्हटलं, की त्या माणसाने सावध व्हावं. आलापल्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या प्लायवूड कारखान्यात हे साऱ्यांना ठाऊक होतं. फक्त दर दोन-तीन वर्षांनी नवा मॅनेजर यायचा आणि त्याला ते पहिल्यापासून शिकावं लागायचं.

मिस्त्री बॉयलरवर फिटर होते आणि युनियनचे सेक्रेटरीही. त्यांना नाव होतं, पण कुणी घेत नसे. त्यांची बायकोसुद्धा फाटकावर येऊन "मिस्त्री हाय का?" असंच विचारायची. दुपारी जेवायला ते रोज वेगळ्या खात्यात जाऊन बसत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "डब्बा कोनाचाबी चालते बाई, खबर ताजी पायजे."

मी चंद्रपूरहून नव्याने लागलेली टायपिस्ट. माझ्यावर त्यांनी पहिल्याच महिन्यात डाव साधला. साहेबांची नोटीस मी सकाळी टाइप करायची, आणि जेवणाच्या सुट्टीत युनियनचं उत्तरही मीच. त्या मशीनचा 'म' जरा वर उडायचा. दोन्ही कागदांवर तो तसाच उडालेला दिसे. मी ते कागद एकमेकांपासून दूर ठेवायची. मिस्त्री म्हणायचे, "भिऊ नका. साहेब अक्षर नाई पाहात, सही पाहाते."

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला आलेले साहेब देशाबद्दल फार बोलत. 'उत्पादन हीच देशसेवा' असा मोठा फलक त्यांनी फाटकावर लावून घेतला. कुणी काहीही मागितलं, की देश कुठे चाललाय आणि तुम्ही काय मागताय, हे ऐकावं लागे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला देशाबद्दल काही वाटतं की नाही?"

हा प्रश्न ऑफिसात दुसऱ्या कुणाला कधी विचारला गेला नव्हता. तो मिस्त्रींनाच का, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मी टाइप करायची थांबले. मिस्त्रींनी नमाजाची पांढरी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि म्हणाले, "तुमचं बराबर हाय साहेब. देशासाठी कायतरी केलंच पायजे."

त्याच पावसाळ्यात सोमाजीची दोन बोटं लाकूड सोलायच्या मशीनमध्ये गेली. सोमाजी ठेकेदाराचा माणूस. 'सदर इसम आमचा कामगार नाही' हे पत्र मीच टाइप केलं. ठेकेदारीतली साठेक माणसं होती, बहुतेक आजूबाजूच्या गावांतले गोंड बाया-पुरुष. त्यांच्यापाशी कारखान्याचा एक चिटोरासुद्धा नव्हता. युनियन होती कायम कामगारांची, आणि त्यांतले कित्येक म्हणाले, "हे लोक आपले थोडेच?" मिस्त्रींनी सभेत एवढंच विचारलं, "मशीन बोट कापताना पर्मनंट हाय का म्हनून इचारते का?" मग त्यांनी एकच मागणी लिहून दिली: ठेकेदारीतल्या प्रत्येकाला कारखान्याचं ओळखपत्र. साहेबांनी कागद परत पाठवला.

पंधरा ऑगस्टला आत झेंडावंदन आणि बुंदीचे लाडू, पण ठेकेदारीवाल्यांना फाटकाच्या आत मनाई. दोन भरलेले ट्रक मात्र दुपारी निघायचे होते. माल तातडीचा होता. आम्ही सकाळी पोचलो तर फाटकाच्या अगदी समोर, रस्त्याच्या मधोमध, सागाचा एक सरळसोट खांब पुरलेला. बाजूला साठ माणसं धुतलेल्या कपड्यांत रांगेने उभी. सोमाजीने पट्टी बांधलेल्या हाताने दोरी ओढली आणि झेंडा फडकला.

साहेब बाहेर आले. "हे काय? ट्रक कसे निघतील? काढा हा झेंडा."

"तुमचं बराबर हाय," मिस्त्री म्हणाले. "पन दिवस बुडाच्या आधी उतरवला तं अपमान होते म्हनते. तुमीच उतरवा साहेब. आमी बाजूले होतो."

साहेबांनी पोलिसांना बोलावलं. फौजदार आले, जीपमधून उतरले आणि आधी झेंड्याला कडक सलाम ठोकला. मग हळूच म्हणाले, "साहेब, मी हात लावतो, पण तुम्ही लेखी द्या."

साहेब मला म्हणाले, "बाई, टाइप करा."

मी कागद लावला. साहेब सांगू लागले, "राष्ट्रध्वजामुळे कारखान्यास अडथळा..." आणि थांबले. दुसरा कागद. "राष्ट्रध्वज तातडीने हटवण्यात..." पुन्हा थांबले. तिसऱ्या कागदाला मी शक्य तेवढ्या निरागस चेहऱ्याने विचारलं, "सर, खाली सही कुणाची?" साहेबांनी तो कागद स्वतःच मशीनमधून ओढून काढला. मग म्हणाले, "मिस्त्रींना आत बोलवा."

चार वाजता ओळखपत्रांचा हुकूम सहीशिक्क्यानिशी तयार झाला. मिस्त्रींनी तो फाटकावर मलाच वाचायला लावला. मी दोनदा अडखळले, पण कुणी हसलं नाही. तरी ट्रक लगेच सुटले नाहीतच. दिवस बुडायची वाट पाहिली गेली. झेंडा खाली आला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, या, एक टोक धरा." साहेबांनी धरलं. दोघांनी मिळून त्याची नीट घडी घातली. साहेब फार मन लावून घालत होते, हे मला नाकारता येणार नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी लाकूड मिळेनासं झालं आणि कारखाना बंद पडला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मिस्त्री छातीच्या दुखण्याने गेले. कब्रस्तानात ठेकेदारीतली जवळजवळ सगळी माणसं आली होती, जंगलातून पायी.

बंदीनंतर चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात नुकसानभरपाईसाठी कामगारांची नोंद सुरू झाली. मीही रांगेत होते. माझ्यापुढे ते सगळे, प्रत्येकाच्या हातात कडा झिजलेलं ओळखपत्र. अधिकाऱ्यांनी एकेक तपासलं, नोंद घेतली आणि विचारलं, "तुमचा पुढारी कोण?"

सुगंधाबाई पुढे होती, जन्मभर फळ्या वाळवत आलेली. ती म्हणाली, "पुढारी मेला जी. आता आमी सारेच येत जाऊ तुमच्याकडं."

अधिकाऱ्यांनी रांगेच्या शेवटापर्यंत नजर टाकली आणि शिपायाला बाक आणायला सांगितलं.