नव्या खात्याची एकुलती एक गाडी

लाचखोरांना पकडणारी शाखा पोलीस मुख्यालयातच होती, तोवर उस्ताद ड्रायव्हरला छाप्यात साहेबांच्या टेबलाचे रिकामे खण पाहायची सवय झाली होती. छाप्यासाठी गाडी हवी, तर ती पोलिसांच्याच मोटार विभागाकडे मागायची. टाकीत पेट्रोल पडेपर्यंत बातमी पोहोचलेली असायची. बैल गेला नि झोपा केला, हाच रोजचा खाक्या.

मग शाखा मोडली आणि स्वतंत्र खातं निघालं. पोलिसांशी देणंघेणं नाही, जाब थेट कायदेमंडळाला. प्रमुख म्हणून आलेल्या निवृत्त न्यायाधीश बाई एका बंद छापखान्यात टेबल टाकून बसल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी खात्याची स्वतःची गाडी घेतली. उस्ताद हौसेने तिच्यावर रुजू झाला.

पण बाईंचा नियम असा, की ड्रायव्हरला पत्ता सांगायचा नाही. मागे बसून त्या फक्त 'डावीकडे', 'उजवीकडे' म्हणणार. उस्ताद चिडला. शहरातला खड्डा न् खड्डा पाठ असलेल्या माणसाला आंधळी कोशिंबीर खेळायला लावायची म्हणजे काय?

पहिल्याच छाप्याला डावीकडे, पुन्हा डावीकडे करत समोर पोलीस ठाणं आलं. तिथला साहेब म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. येताजाता फाटकाशी दोनदा हॉर्न द्यायचा आणि वरून मेव्हण्याने हात हलवायचा, हा दोघांचा शिरस्ता. उस्तादचा हात आपसूक हॉर्नकडे गेला. वाजला असता तर सवय म्हणून खपूनही गेलं असतं. त्याने हात मागे घेतला आणि गाडी मुकाट आत घातली.

खुणा केलेल्या नोटा या वेळी खणातच सापडल्या.

येताना मेव्हणा मागे बसला होता. "दाजी, एक हॉर्न तरी द्यायचा होता."

"मग जुनी शाखा काय वाईट होती?" उस्ताद म्हणाला.

छापखान्यापाशी उतरल्यावर त्याने बाईंना विचारलं, "नातं ठाऊक होतं ना? मग मलाच कसं नेलंत?"

"दुसरा ड्रायव्हर आहे कुठे आपल्याकडे?"

घरी चपला काढायच्या आधीच त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती पोटभर रडली. त्यालाही भडभडून आलं, पण तो तिच्याजवळून हलला नाही.

"मी असते तर वाजवला असता," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला, "म्हणून तर गाडी माझ्याकडे दिलीय."

रडता रडता तिला हसू फुटलं, आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.