नेड्राची मोटरसायकल आणि कोरडी चारी

आमच्या आयडाहोत कुणी मोटरसायकल पिकअपवर चढवायला काढली की आजूबाजूचे पुरुष न बोलावता धावत येतात. एक मागून ढकलतो, एक हँडल धरतो, तिसरा खिशात हात घालून सूचना देतो. नको म्हटलेलं आम्हाला खपत नाही. मी त्यातलाच. आणि म्हणूनच नेड्राचा पाय मोडला.

नेड्रा स्टॉडर्ड माझी शेजारीण. उंची पाच फूट, वय अडुसष्ट. सत्तावीस वर्षं ती कालव्यावर पाटकरी होती. बांधावरून मोटरसायकलने रोज चाळीस मैल फिरायचं, दारं वरखाली करायची, कुणाच्या बटाट्याला किती पाणी ते ठरवायचं. पाणी कमी मिळालं म्हणून तणतणत आलेले सहाफुटी शेतकरी तिच्यापुढे टोपी काढून उभे राहिलेले मी पाहिलेत. अशा बाईला मी मदत करायला गेलो. शहाणपण बघा माझं.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. तिच्या पिकअपच्या मागे, ट्रेलर जोडायच्या चौकोनी नळीत बसणारा लोखंडी रॅक आहे. मोटरसायकल त्यावर गाडीला आडवी उभी राहते. पूर्वी नवरा, लाइल, आणि ती दोघं मिळून चढवायची. लाइल गेल्यावर ती पहिल्यांदाच एकटीने चढवत होती. रॅकला तिरप्या लावलेल्या फळीवर अर्ध्यात आल्यावर दम घ्यायला तिने ब्रेक धरला. मला वाटलं अडली. मी धावलो आणि मागून दणकून ढकललं. मोटरसायकल कलली ती थेट तिच्या घोट्यावर.

दवाखान्यात तिचा मुलगा ब्राइस आला. "कसं झालं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "निसटली हातातून." नेड्राने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर सहा महिने ती त्याबद्दल अक्षर बोलली नाही. मीही नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून मी आणखी गप्प बसत होतो.

मार्चमध्ये ब्राइसने मोटरसायकलला गिऱ्हाईक शोधलं.

"आई, हट्ट पुरे झाला," तो अंगणात म्हणाला. "एकटीने चढवता येत नाही तर ठेवायची कशाला?"

"पहिलं पाणी सुटतंय एप्रिलात."

"सुटू दे की. दुसरे पाटकरी आहेत."

हे बोलणं तिला झोंबलं. एप्रिलमध्ये धरणाचं दार उघडतं तेव्हा पाटकरी पाण्याच्या पुढे निघतात. हिवाळ्याच्या वाऱ्याने गडगडत आलेली वाळकी झुडपं कालव्यात साचलेली असतात, ती लांब दांड्याच्या काट्याने उपसत दोन दिवसांत आमच्या गावापर्यंत पोचायचं. पाणी मागून माणसाच्या चालीने येत असतं. निवृत्त झालेलेही जातात. नेड्राने ते एकदाही चुकवलेलं नव्हतं. पण धरण ऐंशी मैलांवर, आणि तिची मोटरसायकल हमरस्त्यावर चालवायला परवानगी नाही. रॅकवर चढली तरच ती जाणार.

"पाणी सुटायच्या आदल्या दिवशी ये," नेड्रा म्हणाली. "तुझ्या गिऱ्हाइकालाही त्याच दुपारी बोलाव. तुझ्यासमोर एकटीने चढवते. नाही जमलं तर त्याच्या हातात किल्ली देईन."

"कुणी बोटही लावायचं नाही," ब्राइस म्हणाला.

"ते मला नको, डेलला सांग," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली आणि लंगडत घरात गेली.

मग रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघायचो. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत ती फळीवर न्यायची आणि स्वतः जमिनीवरून चालायची. पण मोटरसायकल जसजशी वर जायची तसतसं हँडल तिच्या हनुवटीपर्यंत यायचं आणि हातातला जोर जायचा. ती मागे घ्यायची, पुन्हा लावायची. दोनदा मोटरसायकल पडली, ती तिने मुद्दाम पलीकडे पडू दिली. माझे हात शिवशिवायचे. मी भांडी घासत बसायचो, स्वच्छ असलेलीसुद्धा.

एक दिवस ती अंगणाला लागून शेताकडे पाणी नेणाऱ्या कोरड्या चारीच्या काठावर बराच वेळ उभी राहिली. मग घरात गेली आणि आठवडाभर मोटरसायकलला शिवलीच नाही. मला वाटलं, हरली.

ठरल्या दिवशी ब्राइस आला, मीही जाऊन उभा राहिलो. नेड्राने पिकअप काढली आणि फळीकडे न बघता सरळ चारीत घातली. पुढची चाकं पलीकडच्या काठावर, मागची चाकं खाली चारीत. मागे निघालेला रॅक अलीकडच्या काठावर येऊन टेकल्यासारखा झाला, जमिनीपासून जेमतेम वीतभर.

ब्राइस काठाशी आला. "अगं, पण हे..."

"चढवायची तर आहे ना? मग मी कशाला वर जाऊ, रॅकलाच खाली आणलं."

मोटरसायकल बांधायचा, पिकअपच्या बाजूचा पट्टा तिने आधीच अडकवून ठेवला होता. मोटरसायकल काठाकाठाने सरळ रॅकवर गेली, आणि नेड्रा शेवटपर्यंत तिच्या शेजारून सपाट जमिनीवर चालत होती. शेवटच्या क्षणी मागचं चाक रॅकच्या कडेला घासलं, मोटरसायकल तिच्या अंगावर झुकली. माझा पाय पुढे पडला.

"डेल," ती म्हणाली. वर न बघता.

मी थांबलो. तिने मांडी लावून गाडी सावरली, पट्टा हँडलला अडकवला, दुसरा लावला आणि अंगाचा सगळा भार टाकून दोन्ही ओढले, पुढचे शॉक-अब्सॉर्बर अर्धे दबेपर्यंत. पिकअप चारीतून बाहेर आली तेव्हा ब्राइसने मोटरसायकल गदागदा हलवली. पिकअप हलली, मोटरसायकल हलली नाही.

"तिकडे उतरवणार कशी?"

"कालवा तिथे चाऱ्या, बाळा. सत्तावीस वर्षं उंच-सखल बघण्यातच गेली माझी."

"मग हे डोकं ऑक्टोबरात का नाही चालवलंस?" तो हसत म्हणाला. "पाय तरी वाचला असता."

नेड्रा पट्ट्याचं टोक गुंडाळत राहिली. मला तिचं ते गप्प राहणं सोसेना.

"तिच्या हातून नव्हती निसटली," मी म्हणालो. "मी ढकलली. तिने ब्रेक धरलेला असताना."

ब्राइसने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही दवाखान्यात चार तास माझ्या शेजारी बसला होता."

"हो."

तो खिशातून फोन काढून बाजूला गेला आणि गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं.

"सहा महिने लावलेस," नेड्रा मला म्हणाली. मग पिकअपची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "उद्या तू चल. येताना मी बांधावरून येणार, रिकामी गाडी कुणीतरी आणायला हवी."

दुसऱ्या दिवशी धरणाचं दार उघडलं. नेड्रा गढूळ पाण्याच्या पुढे निघाली आणि मी रिकामा रॅक घेऊन खालच्या कच्च्या रस्त्याने तिच्या बरोबरीने. पहिल्याच दाराशी झुडपांचा ढीग अडकला होता, तिच्या डोक्याइतका उंच. तिने काटा हातात घेतला. मागून पाणी येत होतं. मी पिकअप थांबवली, दार उघडलं, एक पाय खाली ठेवला.

तिने न बघताच तळहात वर केला.

मी पाय आत घेतला आणि दार लावून बसून राहिलो.