वाँडर या शब्दाचं वाक्य

आमच्या मॅट्रिकच्या वर्गातल्या चौघी-पाचजणी जमलो, की चहाला आधण येण्याआधीच लेलेबाईंचा विषय निघतो. एकीने एक किस्सा काढावा, तर दुसरीच्या पदराला तीन बांधलेलेच! संस्थान गेलं, आम्ही आज्या झालो, पण बाईंचे किस्से काही संपत नाहीत.

लेलेबाई पुण्याहून लष्करला, म्हणजे आमच्या संस्थानच्या राजधानीत, आल्या त्या आम्हां मुलींना इंग्रजी शिकवायला. एकदा धड्यात वाँडर हा शब्द आला. अर्थ आम्हांला पाठ होता, भटकणे. बाई म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा. सगळ्यांच्या वहीत गायच भटकत होती!

"गायीचं भटकून झालं," वह्या परत देत बाई म्हणाल्या. "आता प्रत्येकीने स्वतःचं वाक्य लिहायचं. खरं घडलेलं."

पडद्याच्या टांग्यातून शाळेत यायचं आणि त्याच टांग्यातून घरी जायचं, एवढाच आमचा प्रवास होता.

*

आमच्यात यमू हट्टी. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, मी काल माजघरातून माडीवर भटकले. बाईंनी विचारलं, कशाला गेली होतीस? तर आजीचा चष्मा आणायला. मग ते काम झालं, बाई म्हणाल्या. पुढे एकदा यमू गच्चीवर भटकली, पण तिथेही पापड राखायचे होते! शेवटी ती चिडलीच.

"बाई, बायकांच्या जातीला बिनकामाचं जाणं असतं तरी का?"



*

श्रावणातल्या एका मंगळवारी बाईंनी आम्हांला शाळेच्या मागच्या दाराने बाहेर काढलं. कुठे जायचं, हे विचारायचं नाही, अशी ताकीद! पण पायांना सवय कुठली? प्रत्येक वळणावर आम्ही सगळ्या थांबायचो आणि एकमेकींना ढकलायचो.

दाना ओलीत, म्हणजे धान्यबाजाराच्या गल्लीत, एका किराणावाल्याला हे बघवेना. त्याने विचारलं, किसके घर जाना है? बाई म्हणाल्या, किसी के नहीं. बिचाऱ्याला वाटलं, वाट चुकल्यात आणि सांगायला लाजतायत. मराठी बायका, त्यातून श्रावणातला मंगळवार, म्हणजे मंगळागौरीलाच निघाल्या असणार! दुकान तसंच टाकून त्याने आम्हांला मागच्या गल्लीतल्या एका मराठी घरी पोचतं केलं. यजमानीणबाई समजल्या, आम्ही सुनेच्या माहेरच्या. सून समजली, सासरच्या. कोणीच काही विचारलं नाही. आम्ही पोटभर फराळ केला, आणि बाईंनी चक्क फुगडी घातली!

दुसऱ्या दिवशी यमूने इंग्रजीत लिहिलं, आम्ही भटकलो आणि आम्हांला करंज्या मिळाल्या. बाईंनी त्या वाक्याला लाल शाई लावली नाही.

*

अशी गोष्ट लष्करात लपते थोडीच! आमच्यातली चंद्रा सरदार घराण्यातली, आणि त्यात खरं बोलणारी. तिने घरी सगळं सांगून टाकलं. तक्रार शाळेत आली, चंद्राचं येणं बंद झालं. शाळेच्या मंडळींनी ठरवलं, तिच्या आईसाहेब म्हणतील तसं करायचं. त्यांनी नको म्हटलं असतं, तर बाई पुण्याला परत गेल्या असत्या. मुलींना मॅट्रिकचं इंग्रजी शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा आमचीही शाळा तिथेच संपली असती.

पुढे मी एकटीने परगावी नोकऱ्या केल्या, अनोळखी स्टेशनांवर उतरले, ते बाईंच्या जिवावर. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. राहू देत अंगावर.

*

आईसाहेब स्वतः आल्या. आम्ही दाराआड कान देऊन उभ्या. त्यांनी आधी तो शब्द कोणता, ते विचारलं. बाईंनी सांगितला, अर्थही सांगितला.

"म्हणजे कुठे जायचं ते ठरवायचंच नाही?"

"नाही."

"आणि परतल्यावर कोणी विचारलं तर?"

"खरं सांगायचं," बाई म्हणाल्या.

आईसाहेब उठल्या. चंद्रा उद्यापासून येईल म्हणाल्या, आणि बाईंनी इथेच राहावं असंही म्हणाल्या.

फाटकाशी टांगेवाल्याने पडदा वर धरला होता. आईसाहेबांनी त्याला टांगा घरी न्यायला सांगितलं. तो गोंधळला.

"और आप, सरकार? आप कहाँ जाएँगी?"

आईसाहेबांनी पदर सारखा केला.

"पता नहीं," म्हणाल्या, आणि चालू लागल्या.