मोडक्या फळीचा हॉल

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या पायरीवर चार जण बसले की किस्से निघतात, अन् चहा गार झाला तरी संपत नाहीत. रायपूरच्या सदर बाजाराच्या मागं आहे हा जुना कौलारू हॉल. एक फार मोठा नट इथंच घडला. तेव्हा तो रायपुरात रेल्वेत कारकून होता.

राजाचं काम करताना त्यानं रागानं असा पाय आपटला की स्टेजची फळी मोडली अन् पाय गुडघ्यापर्यंत आत! गड्यानं तसंच उभं राहून अख्खं भाषण म्हटलं. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. पुढं तो पुण्या-मुंबईत गाजला. आम्ही फळी तशीच ठेवली. नवीन कोणी आलं की आधी तिथून पाय उचलून जायला शिकायचं, संवाद नंतर.

*

वानखेडे काका आमचे सेक्रेटरी. त्यांच्या पोट्टीचं लग्न याच स्टेजवर लागलं. नवरीनं शालू सावरून बरोबर पाय उचलला. नवरदेव भिलाईचा, त्याले काय माहीत? पाय भोकात गेला. पाय निघाला, मोजडी खालीच राहिली.

काका म्हणाले, "राहू द्या. दामादजीची आठवण."

*

नागपूरला स्पर्धेत गेलो. तिथलं स्टेज एकदम गुळगुळीत. तरी आमचा राजा, राणी, शिपाई, सगळे एकाच जागी आले की पाय उचलून जात. परीक्षकांनी विचारलं, "तिथं आहे काय?"

राणी बोलली, "इथं काही नाही सर. आमच्याकडे आहे."

*

मग वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. रस्ते रुंद होऊ लागले. हॉल धोकादायक आहे का, ते पाहायला एक साहेब येणार होते. ते म्हणतील तर राहील, नाही तर पडेल. माझी झोप उडाली.

"हॉल कुठं जात नाही," काका म्हणाले. तरी त्यांनीच नवी फळी ठोकली, वर सतरंजी अंथरली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

साहेब बदलीवर आलेले, चेहरा कडक, बोलणं सगळं हिंदीत. भिंती ठोकल्या, कौलं पाहिली. "बहुत पुराना है," म्हणत स्टेजवर चढले. आमचा जीव टांगणीला. चालता चालता सतरंजीवर, बरोबर त्याच जागी, त्यांनी पाय उचलला.

साहेब थांबले, मागं वळले, बुटानं सतरंजी दाबून पाहिली.

"काका," ते म्हणाले, "फळी काहून बदलवली?"